तीन ठोके

मंगळवारी विमान कारखान्याच्या कँटीनला चिली असायची, खिमा-राजम्याचं तिखट कालवण, आणि चिलीबरोबर दालचिनीचा गोड रोल. अमेरिकेतल्या विचिटातल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. वर्ना श्रागनं अठ्ठावीस वर्षं दर मंगळवारी तेच खाल्लं, आणि त्यातली बावीस वर्षं समोरच्या खुर्चीवर डेल्मर कोहन होता. आता ती खुर्ची रिकामी होती. फेब्रुवारीत तो दारातला बर्फ उपसताना पडला, तो उठलाच नाही.

वर्ना रिव्हेट मारायची, पत्रे जोडणारे जाड खिळे. विमानाच्या धडाबाहेर ती उभी, हातात हवेवर चालणारी गन. डेल्मर आत, धडाच्या पोटात उकिडवा बसलेला, डाव्या हातात लोखंडी ठोकळा. बाहेरून गननं रिव्हेटच्या डोक्यावर घाव घालायचे, आतून त्यानं आत आलेल्या टोकाला, म्हणजे शेपटीला, ठोकळा दाबून धरायचा. शेपटी चेपून पसरली की दोन पत्रे जन्माचे एक झाले. आत माणूस नसेल तर रिव्हेट नुसता खडखडतो, शेपटी पसरत नाही. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, त्या गोंगाटात हाकही पोचत नाही. म्हणून आतला माणूस पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका म्हणजे झालं, पुढे चल. दोन म्हणजे अजून मार. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक.

"आयलीन संध्याकाळी अर्धा तास बोलते," डेल्मर म्हणायचा, "आणि तू दिवसभर कानाशी ठोकतेस. माझी खरी बायको कोण, सांग बरं."

"जिचं तू ऐकतोस ती."

"मग मी बिनलग्नाचाच म्हणायचा."

ते बनवायचे ते विमान दोन पिस्टन इंजिनांचं आणि हवाबंद केबिनचं होतं. वीस हजार फुटांवर साध्या सदऱ्यात बसा, नाकाला नळी नको. आज लोक विचारतात, असली विमानं आता नवी का बनत नाहीत? उत्तरं भरपूर आहेत. कोर्टकज्ज्यांनी कारखाने खाल्ले, विमा परवडेना. टर्बो लावलेलं इंजिन विमानही ओढायचं आणि केबिनमध्ये हवाही भरायचं, मग तापून तडकायचं. पैसेवालं गिऱ्हाईक टर्बाइनच्या विमानांकडे गेलं. हे सगळं खरं आहे, आणि साहेबलोक ते छान टाय लावून सांगतात. पण कारखान्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या शेडमध्ये जे होते त्यांना विचारा. ते विषय बदलतात.

जूनमध्ये चारशे एकोणीस नंबरचं विमान वीस हजार फुटांवर मागच्या दारापाशी उसवलं. पाच माणसं गेली.

नंबर ऐकताच वर्नाला आदल्या नोव्हेंबरातला तो शुक्रवार आठवला. मागच्या दाराखालची रांग, चौदा रिव्हेट. आठ नीट बसले. नवव्याला आतून तीन ठोके आले. तिनं गन खाली घेतली, तर पाठीशी फोरमन मर्ल गर्ट्झ घड्याळाकडे बघत उभा. "सोमवारी गिऱ्हाईक येतंय, वर्ना. रांग उरक." तिनं गन दहाव्यावर नेली. तीन ठोके. अकराव्यावर नेली. तीन. चौदापर्यंत तो तीनच देत राहिला, आणि ती पुढे सरकत राहिली. मग काम पक्कं असल्याच्या कागदावर तिनं आपला शिक्का उठवला. डेल्मर बाहेर आला, त्यानं तिच्याकडे बघितलं, ठोकळा कपाटात ठेवला आणि तो घरी गेला.

ऑगस्टमध्ये कंपनीचा वकील आला. पोरसवदा, गोड बोलणारा. "बाई, आतल्या माणसानं एकच ठोका दिला होता, असंच ना? तुम्ही त्याच्या भरवशावर पुढे गेलात."

मर्लनं तिला बाजूला घेतलं. "डेल्मरला आता काय फरक पडतो, सांग. चूक एका माणसाची ठरली तर या विमानाची लाइन वाचते. सहाशे घरं आहेत, वर्ना. मी शब्द देतो."

तिनं जबाबावर सही केली.

नऊ आठवड्यांनी लाइन बंद झाल्याची नोटीस लागली. मर्लनंच चिकटवली.

"तू शब्द दिला होतास," वर्ना म्हणाली.

"मला वरून मिळाला, तो मी तुला दिला. माझ्या घरचा नव्हता तो."

"हरामखोर आहेस तू, मर्ल."

"असेन. तेवढं चारशे एकतीसचं धड पुरं करायचंय. विकलं गेलंय ते."

त्या मंगळवारी चिली खाऊन ती बाहेर पडली, तर गाड्यांच्या आवारात आयलीन कोहन वाऱ्यात डोक्याचा रुमाल धरून उभी होती.

"गुरुवारी अपघाताच्या चौकशीत तुला शपथेवर विचारणार आहेत," आयलीन म्हणाली. "मला तुझ्याकडून दुसरं काही नको. त्यानं किती ठोके दिले तेवढं खरं सांग. चर्चमध्ये आता माझ्या बाकावर कुणी बसत नाही गं."

शिक्का वर्नाचा होता, आणि सहीसुद्धा. खरं सांगितलं तर पाच माणसांचे जीव तिच्या नावावर येणार होते.

"एक," ती म्हणाली.

आयलीननं रुमालाची गाठ घट्ट केली. "त्या शुक्रवारी तो जेवला नाही. म्हणाला, आज वर्नानं माझं ऐकलं नाही."

त्या दुपारी चारशे एकतीसची दाबाची चाचणी होती. दार लावून धडात हवा भरली. मीटरचा काटा पाच पौंडांच्या जरा खाली थांबला. मग हळूच उतरला आणि पुन्हा चढला. उतरला, चढला.

मर्लनं काचेवर टिचकी मारली. "मीटर गेलाय."

दुसरा लावला. त्याचा काटाही तसाच, सावकाश, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. वर्नानं सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. एक बुडबुडा आला नाही.

"हा वारा असेल," मर्ल म्हणाला. शेडची दारं बंद होती. "मागच्या दाराखालची रांग काढ आणि नवी मार. उद्या संपवून टाक." तो ऑफिसात गेला आणि त्यानं आतून कडी लावली.

बुधवारी तिनं चौदा जुने रिव्हेट काढले, चौदा नवे भोकांत बसवले आणि वरून चिकटपट्टी लावली. ठोकळा धरायला मिळालेला नवा माणूस जेवणाच्या सुट्टीतून परतलाच नाही. त्याचं कपाट उघडं होतं, आत कपडे टांगायचा एक हँगर. पश्चिमेच्या काचांमधून ऊन धडावर सरळ पडलं होतं. अख्ख्या शेडमध्ये ती एकटी. सवयीनं तिनं गन पहिल्या रिव्हेटवर टेकवली आणि दाबली.

खडखड झाली नाही. गन घट्ट लागली.

आतून एक ठोका आला.

"कोण आहे आत?" तिनं विचारलं. नवा माणूस मागच्या वाटेनं आत चढला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं आणि दुसरा मारला. एक ठोका. हात आपसूक चालू लागला. बावीस वर्षांचा ताल तो, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत तिला बरंसुद्धा वाटायला लागलं. आठवा झाला. एक ठोका.

नववा.

तीन.

वर्नानं गन हुकाला टांगली. दारातून वाकून ती आत गेली.

आत कुणी नव्हतं. आठ रिव्हेटांच्या शेपट्या नीट पसरलेल्या, सगळ्या किंचित डावीकडे कललेल्या. कारखान्यात असं काम एकाच डावखुऱ्याचं होतं. नववी शेपटी वाकडी होऊन फुटली होती. खाली ठोकळा पडला होता. तिनं उचलला. तो कोमट होता.

तिच्या पाठीमागे दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

कानांत दडे बसले. केबिनमध्ये हवा भरत होती.

बाहेर गन थरथरली. दहावा रिव्हेट हलायला लागला. डेल्मर धरायचा तसा तिनं ठोकळा शेपटीला लावला, दाबून धरला. शेपटी वाकडी झाली आणि फुटली.

वर्नानं ठोकळ्यानं पत्र्यावर ठोके दिले. तीन, अगदी स्पष्ट.

बाहेरचा आवाज थांबला.

मग गन अकराव्यावर गेली.