मुदतीचे रोखे

आत्याच्या गुंतवणुकीचा हिशेब दरवर्षी मीच करते. तिनेच मला वाढवलं, शिकवून हिशेबनीस केलं. तेव्हा फी मागायची सोय नाही. शेअर सोपे असतात, वर्षअखेरीचा बाजारभाव लावला की झालं. कर्जरोख्यांचं तसं नाही. ते मध्येच विकायचे की मुदत संपेपर्यंत ठेवायचे, हे मालकाला विचारावं लागतं. वहीत कुठली किंमत धरायची, ते त्या उत्तरावर ठरतं.

त्या वर्षी हिशेबाच्या वेळी आत्या अंथरुणाला खिळली होती. त्या दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "आठवडाही कठीण आहे." खोलीत औषधांचा वास कोंडला होता. रडू फुटू नये म्हणून मी काम काढलं.

"आत्या, या रोख्यांचं काय करायचं?"

"मुदत कधी संपते?"

"छे, तोवर माझे केस पिकतील."

"मग तोवर ठेव," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

आठवडा गेला, महिने गेले. आत्या गेली नाही. मला आभाळ ठेंगणं झालं. डॉक्टर मात्र तिची नाडी धरून बराच वेळ बसायचे, मग माझ्याकडे न बघता बॅग आवरायचे. पुढे त्यांनी येणंच सोडलं.

हे रोखे तिने दर्शनी, म्हणजे रोख्यावर छापलेल्या किमतीपेक्षा महाग घेतले होते. असा जादा पैसा दर व्याजाच्या वेळी थोडा थोडा उतरवत न्यायचा, म्हणजे मुदतीला दर्शनी किंमतच उरते. साधा नियम आहे. पण एका व्याजानंतर आत्याच्या बोटातली अंगठी गळून पडली. पुढच्या व्याजानंतर मी एका हाताने तिची कूस बदलू लागले. जेवण तिने केव्हाच सोडलं होतं. न राहवून मी तिच्या नाकाशी आरसा धरला. काच स्वच्छच राहिली.

"काढ तो," ती म्हणाली. "गार लागतो."

मी आरसा पालथा ठेवला.

"कंटाळले गं मी. विकून टाक ते रोखे."

"अगं, पण मुदतीआधी..."

"चुलीत घाल तुझे नियम! सोडव मला."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. मग दलालाला फोन केला. भाव पडलेला होता, तरी गिऱ्हाईक लगेच मिळालं. आता ती शांतपणे जाईल, असं वाटून मी उशाशी तिचा हात धरून बसले.

फोन वाजला.

"रोखे आम्ही घेतलेत." आवाज अनोळखी होता, मऊ आणि अदबशीर.

"हो. तुमच्या खात्यात जमा होतील."

"ते झाले. आम्ही खाली उभे आहोत. बाईंना जिना उतरवेल, की वर येऊ?"

मी फोन आपटून दाराला कडी घातली.

वळले तर आत्या पलंगावर उठून बसलेली. पायांनी चपला चाचपत होती.

"विकले म्हणून मुदत संपत नाही," ती म्हणाली. "हो ना गं?"