कोकिळेचा भोंगा कोणत्या बाजूला?

"आता वाजव," मुंजा म्हणाला.

जुगलनं उभ्या गाडीतच उजव्या हातानं स्टिअरिंग घट्ट धरलं आणि डावा हात लांब केला. हात पुरेना, म्हणून खांदा पुढं केला. मग अर्धं अंग. शेवटी शेजारी बसलेल्या मुंजाच्या मांडीवर पार आडवा होऊन त्यानं डाव्या दाराबाहेरचा पितळी भोंगा कसाबसा दाबला. भोंगा घसा बसल्यासारखा ओरडला.

"वाजला," जुगल मांडीवरूनच म्हणाला. "पण आता समोरचं काही दिसत नाही."

"मंग म्हैस आली तर?"

"म्हशीनं बघून चालायचं."

मागच्या सीटवर शिवकन्या वही मांडीवर घेऊन बसली होती. तिला हसू आलं नाही. चालवणाऱ्याचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी भोंगा कोण कशाला लावेल? दोन दिवस तिच्या डोक्यात हाच प्रश्न होता. पण मामाला विचारायची तिला भीती वाटत होती. कडूबामामा मोठा मिस्तरी, आणि आपण यंदा कुठं सातवीत जाणार.

शिवकन्या आणि तिचा धाकटा भाऊ मुंजा घनसावंगीहून सुट्टीला वडीगोद्रीला आले होते. साल एकोणीसशे शहाऐंशी, मे महिना. मामाचं गॅरेज हमरस्त्यालाच होतं. समोर बद्रीनाथचं चहाचं हॉटेल आणि शेजारी गिरधारीलालशेठचं दुकान. जुगल हा शेठजींचा नातू. ही छोटी, गोल नाकाची मॉरिस गाडी शेठजींचीच. बारा वर्षं ती गोदामात पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या.

मग एके दिवशी पेपरात जाहिरात आली. 'कोकिळा गावाला गेली' हा जुना विनोदी सिनेमा पुन्हा नव्यानं निघणार होता. त्यात कोकिळा नावाची एक खटारा मॉरिस होती. तिचा भोंगा बसक्या आवाजाचा, म्हणून तिचं नाव कोकिळा. ती मूळची गाडी केव्हाच मोडीत गेली होती. कंपनीला तशीच दुसरी हवी होती. मामानं पत्र टाकलं आणि उत्तरही आलं. 'जुन्या सिनेमातले तुकडे नव्यात जोडायचे आहेत. त्यामुळे गाडी हुबेहूब हवी. रंग फिका निळा. आमचे चिटणीस शुक्रवारी अकरा वाजता फोटो घेऊन येतील. ते आणखी दोन गाड्या पाहणार आहेत.'

"शुक्रवारी पसंत पडली तर ठीक," शेठजींनी बजावलं होतं. "नाहीतर शनिवारी भंगारवाला बोलावलाय. गोदाम मला बियाण्याला पाहिजे, कडूबा. माझा नाइलाज आहे."

भंगार हा शब्द निघाला की मामा काहीतरी ठोकायला घेत असे. पंधराव्या वर्षी त्यानं आयुष्यातलं पहिलं इंजिन खोललं ते याच गाडीचं. आता महिनाभर रोज संध्याकाळी राबून त्यानं ती चालती केली होती. निळा रंग दिला, डाव्या दाराला भोंगा लावला आणि सिनेमातल्यासारखा उजव्या मडगार्डला लाकडी हातोड्यानं मोठ्या मायेनं एक पोचा पाडला.

"मिस्तरी, भोंगा चुकला तुमचा," समोरून बद्रीनाथनं हाक दिली. तो रोज चहाबरोबर हे वाक्य पाठवत असे.

"बद्रीनाथ, मी तीन दिवस तीन खेळ पाह्यले," मामा गाडीखालूनच म्हणाला. "तू एक पाह्यला. त्यात बी अर्धा झोपला."

"झोपलो आसंल. पण भोंगा डायवरच्या बाजूला होता."

"होताच ना. पण डायवर बसायचा डावीकडं. विलायती गाडी होती ती."

"कशाची विलायती? आपल्या एस्टीवानी उजवीकडंच बसत होता त्यो."

"तू चहा उकळ, गाडी मला कळती. स्टिअरिंग डावीकडं न्यायचं म्हंजे सारी गाडी सोलावी लागंल, म्हणून सोडलं. बाकी बिलकुल बराबर हाय."

शिवकन्यानं वही मिटली. "आपण सगळ्यांनाच विचारू," ती हळूच म्हणाली. "ज्यांनी ज्यांनी तो सिनेमा पाहिला त्यांना."

सोळा वर्षांपूर्वी हा सिनेमा वडीगोद्रीत शाळेच्या मैदानावर दाखवला होता. दोन बांबूंना कापडाचा पडदा बांधून तीन दिवस खेळ झाले. त्यामुळे पाहिलेली माणसं पुष्कळ होती. तिघांनी दोन दिवस गावभर हिंडून सतरा जणांना गाठलं. कुणी गूळपाणी दिलं, कुणी "सुट्टीत दुसरा धंदा न्हाई का?" म्हणून हाकललं. शिवकन्या प्रत्येकाचं उत्तर नावासकट लिहून घेत होती.

गुरुवारी सकाळी लिंबाखाली बसून त्यांनी वही उघडली.

"भोंगा उजवीकडं, पोचा डावीकडं, असं म्हणणारे नऊ," जुगलनं वाचलं. "भोंगा डावीकडं, पोचा उजवीकडं, असे आठ."

"बघा की," मुंजा वहीत डोकं घालून म्हणाला, "उजवीकडचे समदे बाप्ये हायेत. अन् डावीकडच्या समद्या बाया. कबड्डीच लागली ही."

शिवकन्यानं नावं पुन्हा तपासली. खरंच तसं होतं. एकही नाव इकडचं तिकडं नव्हतं.

"आणि मामा?" जुगलनं विचारलं. "मामा बायांच्या संघात कसा?"

आपणच विचारताना काही घोळ घातला असेल, असं शिवकन्याला वाटू लागलं. तरी उठताना ती म्हणाली, "तुळजाबाई राहिल्यात."

तुळजाबाई बसथांब्यावर भजी तळत. त्यांनी कढईतून मान वर केली नाही.

"भोंग्याचं मला इचारू नको पोरी. मला त्या शिनेमातलं लई कळलंच न्हाई. समदे डाव्या हातानं जेवू राह्यले होते. मी म्हणलं, मुंबईची रीत आसंल."

"सगळे?" शिवकन्या पुढं सरकली.

"समदे. म्हातारा बी. अन् त्या नटीचा पदर उजव्या खांद्यावर. म्हणलं, ही गुजरातची दिसती." तुळजाबाईंनी भजी झाऱ्यानं उलटली. "खरं सांगू का, त्या शिनेमानं माझी शाळा सुटली."

"तुमची शाळा?"

"मोठ्या माणसांच्या शाळेत जात होते मी. चार महिने घोकून समदी अक्षरं शिकले व्हते. शिनेमात एका दुकानाची पाटी आली. पुढं बसलेले बाप्ये ती वाचून पोट धरून हसले. मला एक अक्षर वळखू आलं न्हाई. म्हणलं तुळजे, तुझ्या डोक्यात काय टिकत न्हाई. दुसऱ्या दिवसापून गेलेच न्हाई."

शिवकन्या थांबली. "पुढं बसलेले म्हणजे? तुम्ही कुठं होतात?"

"आम्ही मागं. पडद्याच्या पुढं बाप्ये अन् मागं बाया. पंचांनीच तसं ठरविलं होतं. मागून बी दिसतंच की."

जुगल भजं तोंडाशी नेता नेता तसाच राहिला. शिवकन्यानं वहीचं पान फाडलं. तिनं मोठ्या, ठळक अक्षरांत एक शब्द लिहिला आणि कागद उलटा करून उन्हात धरला.

तुळजाबाईंनी डोळे बारीक केले. "असंच. अगदी असंच दिसत होतं."

शिवकन्यानं कागद सुलटा केला.

"तु," तुळजाबाई म्हणाल्या. मग बोट पुढच्या अक्षरावर सरकलं. "ळ. जा." आणि त्या कागदाकडे बघतच राहिल्या. कढईतली भजी काळी पडायला लागली तेव्हा मुंजानंच झारा घातला.

"म्हंजे मला येत होतं," तुळजाबाई शेवटी म्हणाल्या. "सोळा वर्सं उगीच गेली की गं." त्यांनी तो कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"तुळजाबाई, आमचा मामा तेव्हा कुठं बसला होता?"

"कडूबा? त्यो जनरेटरपाशी. ते मागंच ठिवलं होतं, अन् ते चालू ठिवायचं काम त्याचं. एवढ्या बायांत एकटा बाप्या. आम्ही लई चिडवायचो त्याला."

तिघं गॅरेजकडे पळत सुटले, पण दाराशी येऊन शिवकन्याचे पाय थबकले. मामाला तोंडानं सांगून उपयोग नव्हता. तो हातोडा उचलणार आणि ठोकत बसणार. "त्याला सांगायला नको," ती म्हणाली. "त्याचं त्यालाच दिसलं पाहिजे."

जुगलनं घरातून आजोबांचं धोतर आणलं. ते परीटघडीचं होतं, हे त्यानं सांगितलं नाही. कोळशानं त्यानं धोतरावर एक पाठमोरी गाडी काढली, उजव्या अंगाला हा एवढा भोंगा काढला. दोन खांबांना ते धोतर बांधलं. मग मुंजा बद्रीनाथला घेऊन आला आणि धोतराच्या पुढं बसवलं. मामाला चहा आलाय असं सांगून पलीकडं बसवलं.

"हे काय नाटक हाय?" धोतराच्या मागून मामानं विचारलं.

"मामा, फक्त सांग, भोंगा कुठल्या हाताला आहे?"

"डाव्या. आंधळा हाय का मी?"

"उजव्या," पुढून बद्रीनाथ म्हणाला. "मिस्तरी, चष्मा लावा आता."

"बद्रीनाथ, समोर चित्र हाय तरी खोटं बोलतोस?"

"खोटं तुम्ही बोलता. ह्यो काय भोंगा, माझ्या उजव्या हाताला."

"आता दोघं उठा," शिवकन्या म्हणाली, "आणि जागा बदला."

दोघं रागारागानं उठले आणि बदललेल्या जागी बसले. बद्रीनाथनं आपला डावा हात वर करून पाहिला. मामा धोतराकडे पाहत राहिला. मग तो उठून पुढं गेला, परत मागं आला, आणि कापडाला बोटानं हात लावून पाहिला.

"जनरेटर मागं होतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "तीन दिवस मी मागंच होतो."

शिवकन्याला वाटलं, मामा आता चिडणार. पण त्यानं फक्त सूर्याकडे पाहिलं.

"दुपारचे दोन वाजले आसतील. जुगल, दाराचे स्क्रू काढ. मुंजा, पॉलिश पेपर आण. बद्रीनाथ, तू नुस्ता बसू नको, मडगार्ड धर."

मग गॅरेजात एकच ठोकाठोक सुरू झाली. उजवीकडचा पोचा आतून ठोकून वर काढला, डावीकडं तसाच पाडला. शिवकन्या वहीतली नऊ जणांची वर्णनं वाचून दाखवत होती आणि मामा निमूटपणे ऐकत होता. भोंगा उजव्या दाराला बसला. भोकं बुजवली, निळा रंग मारला, आणि मेच्या उन्हानं तो बघता बघता वाळवला. ऊन उतरायच्या आत सगळं झालं. तेवढ्यात शेठजी आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग धोतराकडे पाहिलं.

"हे माझं आहे का?" त्यांनी विचारलं. जुगल गाडीच्या पलीकडे होता. तो तिथंच राहिला.

शुक्रवारी अकराला चिटणीस आले. बारीक अंगाचे, मानेला रुमाल गुंडाळलेले. त्यांनी पिशवीतून फोटो काढले आणि गाडीभोवती फिरू लागले. भोंगा पाहिला, फोटो पाहिला. मडगार्डपाशी उकिडवे बसून पोचा वितीनं मोजला. निम्मं गाव बद्रीनाथच्या हॉटेलाशी जमलं होतं. मामा हातातलं फडकं पिळत उभा होता. शेठजी वारंवार चष्मा पुसत होते. शिवकन्यानं एक फेरी मोजली, दुसरी मोजली. तिसऱ्या फेरीला तिला बघवेना, म्हणून तिनं मान खाली घातली.

"कोकिळाच," चिटणीस म्हणाले. "मी हीच नेणार."

"भंगारवाल्याला निरोप धाड, येऊ नको म्हणावं," शेठजींनी जुगलला सांगितलं, आणि त्याच्या डोक्यावर टपली मारली. "धोतराचं माफ."

चहा आला. चिटणीस आता खुलले. "कालच्या गाड्या काही जमल्या नाहीत. एका मिस्तरीनं तर कमाल केली. घनसावंगीकडचा. अख्खं स्टिअरिंग डावीकडं बसवलं. दोन महिने राबला म्हणे. विचारलं, का? तर म्हणतो, सिनेमात तसंच होतं. मला हसू आवरेना."

पण कुणीच हसलं नाही. शिवकन्या, जुगल आणि मुंजा एकमेकांकडे पाहत होते.

"हसू नका साहेब," कडूबामामा म्हणाला. "त्यो बी मागं बसला आसंल."

चिटणीसांना काही कळलं नाही. तेव्हा मामानं सगळं सांगितलं. जनरेटर, डावा हात, उजव्या खांद्यावरचा पदर, वही, धोतर, काहीही न गाळता. "काल दुपारपर्यंत मी चुकलोच होतो," असंही गावासमोर म्हणाला. वडीगोद्रीनं हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि हे शोधलं कुणी?"

"ही माझी भाची. अन् हे दोघं."

चिटणीस उठून शिवकन्यासमोर आले आणि त्यांनी तिची वही मागितली. सतरा नावं, सतरा उत्तरं त्यांनी शेवटपर्यंत वाचली. "आमच्या कंपनीत पाच माणसं हेच काम करतात," ते म्हणाले. "इतकं नीट एकही करत नाही." शिवकन्याचे कान गरम झाले.

"गाडी कधी नेणार?" मामानं विचारलं.

"सोमवारी."

"मंग उद्या मोकळी हाय." मामानं कप खाली ठेवला. "शिवकन्ये, उद्या सकाळी घनसावंगीकडं जाऊन येऊ. दोन महिने राबलाय बिचारा. त्याचं कुठं चुकलं ते कुणीतरी त्याला सांगाया पायजे."

"तू सांग ना मामा. मी लहान. माझं कोण ऐकणार?"

"तूच सांगायचं," मामा म्हणाला. "माझ्यावानी माणसाला पटवलंस तू. मंग त्यो काय अवघड हाय?"