हातचं अक्षर

जिते स्टेशनवर त्या रविवारी सकाळी दोघंच उतरले... वृंदा आणि एक उंच, सावळा तरुण. गाडी निघून गेली, धुकं पुन्हा फलाटावर पसरलं आणि डावीकडे जावं की उजवीकडे, या विचारात वृंदा तिथंच उभी राहिली.

"वाट चुकलात का, मॅडम?"

"इथं जवळ वीटभट्टी आहे ना?"

"तीन हायत. कुणाला भेटायचंय?"

"मंगळीला. माझी विद्यार्थिनी आहे, तिसरीतली. कोलाडजवळच्या वाडीवरची."

तो हसला. हातातली वालाच्या शेंगांची पिशवी त्यानं दुसऱ्या हातात घेतली. "मग चला. मी तिचा मामा. भरत."

वृंदा पेणच्या रामवाडीतली. दोन वर्षं ती रोज एसटीनं त्या आदिवासी वाडीवरच्या शाळेत शिकवायला जात होती. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी माणसं भट्ट्यांवर जायची, त्यांच्यामागून पोरंही जायची. यंदा तिनं प्रत्येक मुलाकडून एक कार्ड लिहून घेतलं होतं... वर्षभरात मी काय शिकेन! सगळी कार्डं वर्गात दोरीला टांगली होती. मंगळी गेली, तिचं कार्ड तेवढं वाऱ्यावर हलत राहिलं. ती आपल्या घरापासून अर्ध्या तासावर आहे असं कळलं, तेव्हा वृंदाला काही चैन पडेना.

बांधावरून चालताना तिनं जरा अभिमानानंच ते कार्ड भरतला दाखवलं.

"'मी तीसपर्यंत पाढे पाठ करीन,'" त्यानं वाचलं. "अक्षर तिचंच हाय. पण हे ठरवलं कुणी?"

"तिनंच. म्हणजे... मी फळ्यावर चार गोष्टी लिहिल्या होत्या, त्यातली एक—"

"म्हणजे तुम्हीच."

वृंदाचे कान तापले. भरतचा आवाज मऊ होता, म्हणून तर ते जास्तच लागलं.

"रागावू नका," तो म्हणाला. "वाडीवरच्या पोरांना सगळे सांगतातच. मलाही सांगायचे. विचारलं कुणी नाय."

भट्टीवर मंगळी चिखलानं माखलेल्या हातांनी आईच्या मागं लपली. वृंदा तिच्यासमोर उकिडवी बसली. "मंगळे, पाढे राहू दे. तुला काय यावंसं वाटतं गं?"

मंगळीनं बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग हळूच म्हणाली, "हातचं वाचायचंय."

"म्हणजे?"

"पुस्तकातलं येतं मला. हातानं लिवलेलं नाय येत. मामा आयेच्या गोळ्यांच्या पुडीवर लिवतो, कुठली सकाळची, कुठली रातची. आम्हाला कुणाला वाचता येत नाय. मग आये लोकांना विचारत फिरते."

वृंदाला एकदम भरून आलं. दोन वर्षांत आपण या पोरीला पन्नास प्रश्न विचारले, हा एक राहूनच गेला होता. तिनं कार्ड उलटं करून मंगळीपुढं धरलं. मंगळीनं त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मामाचं अक्षर वाचीन. होळीच्या आत.'

सोमवारी वृंदानं वर्गातली दोरीही रिकामी केली. उरलेल्या पंधरा जणांना एकेकट्याला जवळ बसवून विचारलं. चंदरला एसटीची पाटी लांबून वाचायची होती. अपेक्षाला सगळ्यांसमोर न रडता गोष्ट सांगायची होती. वृंदा ऐकत गेली आणि मनातल्या मनात त्या सावळ्या माणसाचे आभार मानत गेली.

मग रविवारचा नेमच झाला. भरत रोह्याच्या एका कंपनीत होता. शिफ्ट काहीही असो, रविवारी सकाळी तो गाडीत असायचाच. पेणला वृंदा चढायची.

"इकडं या, जागा धरलीय."

"अख्खा डबा रिकामा आहे की!"

"म्हणून तर धरली. एवढ्या रिकाम्या डब्यात तुम्ही भलतीकडे बसलात तर?"

वृंदा खिडकीबाहेर बघायची... हसू लपवायला.

भरत दर वेळी तीन-चार चिठ्ठ्या लिहून आणायचा. आधी साधे शब्द, मग काना-मात्रा, मग अख्खी वाक्यं. एखादी जमली की मंगळी स्वतःच कार्डावर एक रेघ ओढायची. अडली की वृंदा पुढचं अक्षर सांगायला तोंड उघडायची आणि भरत डोळ्यांनीच तिला थांबवायचा. ते डोळे नंतर आठवडाभर तिच्यासोबत राहायचे.

माघ सरत आला तेव्हा मंगळीनं आईच्या गोळ्यांची पुडी हातात घेतली. "जेवल्यावर एक. झोपताना अर्धी." ना अडखळली, ना कुणाकडे पाहिलं. आईनं लेकीचं डोकं नुसतं छातीशी धरलं.

परतताना भरत म्हणाला, "तुमचे लय उपकार हायत, मॅडम."

वृंदा बांधावरच थांबली. "उपकार म्हणू नका. मग मला वाटतं, तुम्ही... तुम्ही फेडायला म्हणून येता."

"फेडायचंच असतं तर एकदा येऊन हात जोडले असते. दर रविवारी शिफ्ट बदलून नसतो आलो."

त्या दिवशी स्टेशन फार लवकर आलं.

होळीच्या आधीचा रविवार. भरतनं एकच चिठ्ठी आणली होती. ती मंगळीच्या हातात देऊन तो दोन पावलं मागं सरला.

"बा-ईं-ना... विचार," मंगळी वाचू लागली. "माझ्याशी... लग... लगन..."

"राहू दे," भरत घाईघाईनं म्हणाला. "जोडाक्षर हाय. मी सांगतो."

"तू नको सांगू! मीच वाचणार." मंगळीनं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. वृंदाला तो शब्द कळला होता, आणि तरी तिला तो त्या पोरीच्याच तोंडून ऐकायचा होता. "लग्... न. लग्न! आयव, लगीन! 'माझ्याशी लग्न कराल का? घाई नाय.'"

भट्टीवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. भरत मान खाली घालून उभा.

"बाई, काय सांगू मामाला?" मंगळीनं विचारलं.

"सांग," वृंदा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सांग... की मला घाई आहे."

घरी मात्र घाई चालणार नव्हती. तिचे वडील, त्र्यंबकराव, निवृत्त हेडमास्तर. वाडीवरचा मुलगा म्हटल्यावर ते दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तो तुझं ऐकतो?"

"ऐकतो, बाबा. आणि माझं चुकलं तर तोंडावर सांगतो."

"हं." त्यांनी कप पुन्हा उचलला. "लोक बोलतील. चार दिवस मलाही जड जाईल, खोटं कशाला सांगू? रविवारी घरी बोलाव त्याला."

"रविवारी आम्हाला जित्याला जावं लागतं."

"मग मीच येतो."

त्या रविवारी गाडीतून तिघं उतरली. बांध अरुंद होता, दवानं निसरडा झालेला. त्र्यंबकराव दोन पावलं टाकून थबकले. भरतनं काही न बोलता हात पुढं केला. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे, आणि तो घट्ट धरला.

वृंदा मुद्दाम मागं राहिली. त्या दोघांना तसंच पुढं चालताना तिला डोळे भरून पाहायचं होतं.