नवऱ्याची सवत

तो दिवा जरा जवळ घे, मग सांगतो. सुरुवातीला घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. मी हार्डवेअरच्या दुकानात चार बोल्ट आणि वॉशरचं पाकीट आणायला गेलो होतो, आणि येताना चक्क शीळ घालत आलो होतो.

शीळ घालायला कारण होतं. त्या दिवशी माझ्या संसारातला काटा निघणार होता.

काटा म्हणजे गाडी. लाल, बुटकी, पोट जमिनीला टेकेल अशी स्पोर्ट्स कार. माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची. बाईला सवत असते हे जगाला ठाऊक आहे. पुरुषालाही असते, आणि ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते, हे मला लग्नानंतर कळलं. सुट्टीच्या दिवशी ही तिला पुसत बसायची. मऊ फडक्याने, एकेक कोपरा. पुसता पुसता काहीतरी पुटपुटायची आणि मी गेलो की गप्प व्हायची. मला ती 'अहो' म्हणते, 'तुम्ही' म्हणते. त्या मेलेल्या माणसाला मात्र 'अरे' आणि 'तू'. ते कानावर आलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तो गेला तो याच गाडीखाली. शर्यतीचं वेड होतं त्याला. वजन कमी करायचं म्हणून त्याने मूळचा हातब्रेक काढून टाकला होता, आणि घराच्या उतारावर गाडी लावली की चाकाखाली विटा ठेवायचा. एकदा वीट सरकली, तेव्हा तो खाली काहीतरी दुरुस्त करत होता.

गाडी विकू या म्हटलं की हिचं एकच उत्तर. "अशी नाही द्यायची. आणखी कुणाचा तरी जीव जाईल."

शेवटी मीच म्हणालो, "अगं, मी गॅरेजवाला आहे. बाहेरून मागवून हातब्रेक बसवतो. मग तर विकायची ना?"

ती म्हणाली, "आधी ब्रेक बसू दे. मग माझं काही म्हणणं नाही."

एवढ्यावर मी हवेत होतो.

दुपारपर्यंत बरंच काम उरकलं. मागचा भाग जॅकवर उचलला, पुढच्या चाकांना ठोकळे लावले, आत हातब्रेकचा दांडा बसवला, मागच्या चाकांना चाक पकडून धरणारे छोटे कॅलिपर जोडले आणि दांड्यापासून तिथपर्यंत खालून केबल नेली. राहिलं केबलचा ताण बसवायचं. ते एकट्याने होत नाही. एक जण पाना घेऊन खाली झोपतो, दुसरा वर बसून दांडा ओढतो. खालच्याला वरचं बोलणं धड ऐकू येत नाही, म्हणून वरच्याने दांडा ओढला की टाचेने एकदा ठोकायचं, ही आमच्या धंद्यातली पद्धत. बायकोला समजावलं. ती स्टीअरिंगमागे अंग चोरून बसली, आणि मी खाली सरकलो.

बाहेर ऊन कलत होतं, पण गाडीखाली काळोखच. ग्रीस, रबर आणि जुन्या धुळीचा वास.

"ओढ."

टक, टक, टक. ठक्.

"सोड."

पहिले एकदोनदा ती अडखळली. मग हात असा बसला की विचारू नकोस. झटक्यात ओढायचं, आणि पार शेवटी दांडा किंचित मागे घ्यायचा. मुरलेल्या चालकाचा हात. त्याच सुमाराला एक वेगळा वास यायला लागला... घामाने भिजलेल्या चामड्याच्या हातमोज्यांचा.

"छान जमतंय तुला," मी खालून म्हणालो.

ठक्.

"आज हे धूड घालवू. मग आपण दोघं कुठेतरी लांब जाऊ."

या वेळी ठोकणं आलं नाही. केबल मात्र माझ्या बोटांतच ताणली गेली. टक... टक... टक... मी ओढ म्हटलेलंच नव्हतं. ती इतकी ताणली की सतारीच्या तारेसारखी गुणगुणायला लागली, आणि हातातला पाना निसटला. तो उचलायला मी मान वळवली, तर शेडच्या दाराशी दोन पाय दिसले. बायकोच्या चपला.

"अहो, दूध उतू जात होतं म्हणून मघाशीच आत गेले... कुणाशी बोलताय?"

मी कसा बाहेर आलो, कोपर किती सोललं, आठवत नाही. सीट रिकामी होती. दांडा वर ओढलेला होता.

"दांड्याच्या खाचेतला दात घसरला असेल," मी म्हणालो. माझाच माझ्यावर विश्वास बसला नाही.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. त्या दांड्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. मला तेव्हा भीतीपेक्षा संताप आला. हे पाप आजच्या आज घराबाहेर काढायचं, म्हणून मी जॅक सोडले, गाडी चाकांवर उतरवली, ठोकळे लाथेने उडवले. ब्रेकने गाडी जागच्या जागी धरून ठेवली होती. तेवढ्यात ती वळसा घालून गेली, पलीकडचं दार उघडून चालकाशेजारच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला.

"उतर."

"एक चक्कर फक्त..."

"मग मी चालवतो." मी चालकाच्या दाराला हात घातला. दार हललं नाही.

तिने काचेतून माझ्याकडे बघितलं. अगदी मायेने बघितलं, तेच जास्त लागलं.

"अहो, जागा कुठे आहे?"

दोनच सीट होत्या त्या गाडीला.

मग तिने मान वळवली आणि हलकेच म्हणाली, "अरे, हळू."

दांडा आपसूक खाली गेला. गाडी शेडबाहेर पडली, उताराला लागली, आणि खालच्या वळणावर सफाईने वळली. इंजिन बंद होतं, चावी माझ्या खिशात होती. वळणापलीकडून तिचं हसणं ऐकू आलं. लग्न झाल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलेलं नव्हतं.

दिवेलागणीला गाडी परत आली, उतार चढून वर. बॉनेटला हात लावला तर थंडगार.

"विकायची ठरली होती," मी म्हणालो.

"आता कशाला? ब्रेक बसलाय. आता त्याला काही होणार नाही."

तेव्हापासून रोज संध्याकाळी जाते. भुताची भीती वाटत नाही का, विचारशील. वाटते रे. पण त्याहून जास्त जळतो मी. मी दारात ताटकळत असतो, आणि ती पिंजारलेले केस सावरत उतरते आणि मला विचारते, "अहो, जेवलात का?"

आज मात्र ती उतरली नाही. तिने काच खाली केली.

"तो म्हणतोय, केबल अजून जराशी सैल आहे. तुम्ही एकदा खाली जाऊन बघाल का?"

बघतो म्हणालो मी, म्हणूनच तुला दिवा धरायला बोलावलं. तो खोटं बोलत नसावा. ताण बसवायचं काम त्या दिवशी अर्धवटच राहिलं होतं, आणि त्या गाडीत ती बसते.