उत्तरेच्या उतरणीवरचे पणजोबा

"अहो! ते आमचे पणजोबा आहेत!"

धुक्यात विळा थांबला. दगडी गडग्याच्या आत, थडग्याच्या गोल उंचवट्यापाशी एक अनोळखी तरुण... अर्धं गवत कापून मोकळा.

"मग आमचे कुठायत?"

मिरानला हसू आवरेना. आठव्या चांद्रमासात पूर्वजांवरचं गवत काढायला सारं जेजू बेट विझलेल्या ज्वालामुखींवर चढतं. पण दुसऱ्याचा पणजोबा भादरणारा ती पहिल्यांदाच पाहत होती.

तो समुद्रापल्याडच्या बुसानचा सुंगजे. बाप जाताना एवढंच सांगून गेलेला — उत्तरेची उतरण, वाकडा पाईन.

"आमच्या वाऱ्यात सरळ झाड दाखवा नि बक्षीस न्या!"

शोधत शोधत दोघं ज्वालामुखीच्या तोंडाशी आली. खाली खोलगट हिरवाई, चरणारे घोडे.

"आग नाही आता पोटात?" त्यानं विचारलं.

"गवत आहे."

"एवढा तापट गडी, आणि आता घोडे राखतो? लग्न झालं असणार याचं!"

मुळ्याचा कीस भरलेलं कुट्टूचं धिरडं तिनं अर्धं मोडून दिलं. बोटांना बोटं लागली... आडनाव विचारायचं तिच्या ओठांवर आलं — आणि तिनं गिळलं. बेटावर कुळं मोजकी, आणि एका कुळात सोयरीक नाही. त्यानंही विचारलं नाही.

"माझे नाही सापडले, तर दरवर्षी तुमच्याच पणजोबांची हजामत करीन," तो हळूच म्हणाला. "जावई म्हणून... चालेल?"

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र लाललाल.

विचारायला दोघं परतली, तोवर धुकं विरलं. गडग्यापाशी मिरानचे काका उभे. सुंगजेला पाहून त्यांच्या हातातला विळा गळला.

"अरे, तू योंगबेचा ना? तेच कपाळ! माझा चुलतभाऊ रे तो. बुसानला गेला तो गेलाच... आणि हे गवत तू कापलंस? बरोब्बर शोधलंस हो पणजोबांना!"

सुंगजेनं मिरानकडे पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

"बघतेस काय, पोरी? भाऊ तुझा! दादा म्हण!"

वाऱ्यानं गवत एका अंगाला झुकलं, पुन्हा उभं राहिलं.

"दादा..." ती म्हणाली. "विळा द्या. उरलेलं मी कापते."

मान खाली घालून ती कापत राहिली, कापतच राहिली — काका म्हणेपर्यंत, "अगं, पुरे... माती निघायला लागली."