आतून न उघडणारं दार

जेवणं आटोपली, भांडी झाली, आणि मग भाचीने विषय काढला. ती आणि तिचा नवरा त्याच कामासाठी आले होते. फाटकाबाहेर उभी असलेली त्यांची सोळा वर्षांची गाडी येताना वाटेत दोनदा बंद पडली होती.

"मामा, तुम्ही जन्मभर गाड्यांच्या पोटात डोकं घातलंत. आता तुम्हीच सांगा, दुरुस्त करायची की काढायची?"

"मी म्हणतो काढू," जावई म्हणाले. "पण ही ऐकत नाही. म्हणते, बाबांची आठवण आहे. आठवणीला ढकलत आणलं मी चढावर."

मामा हसले. त्यांनी बाहेरच्या पायरीवर बैठक मारली, आणि डास येतात म्हणून दिवा मालवला. गॅरेज बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती, पण अंधारात गाडीकडे बघताना त्यांची मान अजूनही एका बाजूला कलायची, जणू इंजिनाचा आवाज ऐकताहेत.

"आधी एक बघा," ते म्हणाले. "तिच्यात कोणी बसून राहिलंय का?"

"मामा, रात्रीच्या वेळी हे काय भलतंच!"

"भलतं नाही. झालेलं सांगतो. आमच्या ओळखीतले एक घड्याळवाले होते, त्यांचं. आणि त्यात एक गॅरेजवालाही आहे. तो कोण, ते विचारू नका."

ते दोघांनाही ठाऊकच होतं. मामा स्वतःबद्दल सांगताना नेहमी तिसऱ्याच माणसाबद्दल सांगितल्यासारखं सांगत.

तर हे घड्याळवाले. बाजारात जिन्याखाली त्यांचं एवढंसं दुकान. डोळ्याला भिंग लावून बसले की भूकंप झाला तरी मान वर करायचे नाहीत. हात असा, की केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवतील. आणि गाडी? छोटी, पांढरी, त्यांच्या लग्नानंतर दहा वर्षांनी घेतलेली. तिच्या डाव्या दाराचा आतला खटका एके दिवशी निकामी झाला. दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. त्या बाजूची काचही चार बोटांच्या खाली उतरायची नाही.

गॅरेजवाला म्हणाला, "ठेवून जा, संध्याकाळपर्यंत करून देतो."

"छे!" घड्याळवाले म्हणाले. "सळी तुटली असेल आतली. हे आपलंच काम. रविवारी बसतो."

तो रविवार अकरा वर्षं आला नाही. गॅरेजवाल्याने दहादा तरी विचारलं असेल. दरवेळी तेच, "हात लावू नकोस, मी करतो." दुसऱ्याने केलेलं काम त्यांना पटायचं नाही, आणि स्वतः करायला व्हायचं नाही. त्यांची बायको मोठी हसरी. म्हणायची, "सगळ्या गावाची घड्याळं चालू, आणि मी गाडीत कोंडलेली. भावजी, तुम्हीच यांना सांगा काहीतरी." पण मनातून तिला ते आवडतही असावं. घरी पोचलं की हे इंजिन बंद करायचे, "थांब हं, आलो," म्हणायचे, गाडीला वळसा घालून जायचे आणि तिचं दार उघडून धरायचे. एखाद्या राणीसाहेबांसारखी उतरायची ती. प्रवासात तिचे पाय सुजायचे, म्हणून चपला काढून सीटखाली सरकवायची. उतरताना त्या शोधायला मिनिटभर लागायचं. तेवढा वेळ हे दार धरून उभे.

मग त्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाकडे भिंतीवरचं घड्याळ पोचवायचं होतं. बायको सोबत होती, तिथून दोघं भाजी घेऊन घरी जाणार होती. "पाच मिनिटांत येतो," असं म्हणून ते वर गेले. गिऱ्हाइकाने अजून एक जुनं घड्याळ काढलं. हे बघायला बसले. खालून हॉर्न वाजला. एकदा. मग थोड्या वेळाने पुन्हा, जरा लांब. घड्याळवाले हसून गिऱ्हाइकाला म्हणाले, "बोलावणं आलं बघा." आणि भिंग परत डोळ्याला लावलं.

बावीस मिनिटं.

खाली आले तेव्हा ती खिडकीला टेकलेली होती. हात खटक्यावर.

डॉक्टर म्हणाले, हृदयाचा असा झटका होता की बाहेर पडून उपयोग झाला नसता. त्यांच्या मुलीनेही शंभरदा समजावलं. हे मान हलवायचे. पण तिचा हात कुठे होता, ते डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं.

"चपला?" भाचीने हळूच विचारलं.

"सीटखालीच राहिल्या. दवाखान्यात तिला तशीच अनवाणी नेली."

पुढची दोन वर्षं ते गाडी चालवत राहिले. डावं दार कधी उघडलं नाही, त्या सीटवर कधी पिशवी ठेवली नाही. गॅरेजवाल्याने एकदा गाडी धुताना विचारलं, या चपला घरी देऊ का? म्हणाले, "राहू दे तिथे. तिला लागतील." मग स्वतःच ओशाळले.

गाडी मात्र थकत चालली होती. धूर ओकायची. खालचा पत्रा सडून चाळण झालेला. शेवटी एका सकाळी चौकात ब्रेक लागलेच नाहीत. समोरचा सायकलवाला हातभर अंतराने वाचला. मुलीला कळलं तशी तिने फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, ती गाडी काढा. नाहीतर मी येऊन स्वतः भंगारात घालते. कोणाचा तरी जीव घ्याल."

म्हणून ते गॅरेजमध्ये आले. तारीख सांगतो. नऊ वर्षांपूर्वीची अठरा नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे आठ वाजून गेलेले, बाकीच्या गाड्या गेलेल्या. गॅरेजवाल्याने ब्रेक तेवढे नीट करून ठेवले होते. तो म्हणाला, "भाऊ, इंजिन उतरवावं लागेल, खालचा पत्रा सगळा बदलावा लागेल. म्हणाल तर करतो. पण मला विचाराल तर आता हिला सोडा."

घड्याळवाल्यांनी डाव्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुला हसू येईल."

"नाही येणार."

"मला वाटतं, ती अजून आतच आहे. दार उघडत नाही ना. भंगारात दिली, तर... तिच्यासकट चेपतील. आणि दुरुस्त करून ठेवली, तर ती जन्मभर तिथेच बसून राहील. मी काय करू, सांग."

गॅरेजवाल्याला पाना-पेचकस कळायचा, हे कसं कळणार? तो एवढंच म्हणाला, "मग आधी दार तर उघडू."

त्याने पेचकस घेतला आणि डाव्या दाराचं आतलं आवरण काढलं. आत सळी मधोमध तुटलेली. तुटका तुकडा काढून त्याने त्यांच्या तळहातावर ठेवला. चपला तेव्हा सीटखालीच होत्या. नीट ध्यानात ठेवा. गॅरेजवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. तपकिरी, डावीचा अंगठा झिजलेला.

"उद्या बसवतो," तो म्हणाला.

"नाही," घड्याळवाले म्हणाले. "हे माझं काम आहे." तुकडा शर्टाच्या खिशात टाकला, आणि गाडी घेऊन निघाले. आवरण गॅरेजमध्येच राहिलं. दार उघडं-नागडं, आतलं लोखंड दिसत होतं.

नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. घर तिथून अडीच मैल.

मामा थांबले. जावयांनी नकळत फाटकाकडे पाहिलं.

"पुढे?" ते म्हणाले.

तलावाचा रस्ता रिकामा होता. थंडी पडली होती, म्हणून काचा बंद. घड्याळवाल्यांना आधी वाटलं, आवरण नाही, म्हणून आतलं काही हलतंय.

टक.

खड्डा नव्हता. रस्ता सपाट.

टक... टक.

त्यांना आवाजाची पारख होती. उभा जन्म त्यातच गेलेला. हलणाऱ्या लोखंडाचा तो आवाज नव्हता. कोणीतरी खटका ओढत होतं. ओढायचं, सोडायचं. थोडं थांबायचं. दमल्यासारखं. पुन्हा ओढायचं.

त्यांनी मान वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं, की डाव्या बाजूची काच धुरकटली आहे. उजवी स्वच्छ. डावीवर वाफ. ओठांच्या उंचीला जास्त.

"मी ऐकला होता गं हॉर्न," ते म्हणाले.

टक.

"ऐकला होता. आलो नाही."

आवाज थांबला. पुढचा सगळा रस्ता... काही नाही.

घर आलं. त्यांनी फाटकापाशी गाडी लावली, इंजिन बंद केलं. नेहमीची हत्यारं घरातल्या टेबलावर होती, मोठा दिवाही तिथेच. हात दाराला गेला आणि सवयीने तोंडातून निघालं, "थांब हं. पाच मिनिटांत—"

आणि ते तिथेच थिजले.

तेच शब्द.

शेजारची सीट करकरली. कोणीतरी वळून पाहावं, तशी.

दारावरचा हात त्यांनी मागे घेतला.

"नाही जात," ते म्हणाले. "इथेच बसतो. इथेच करतो."

मागच्या सीटवर गिऱ्हाइकांकडे न्यायची थैली होती. तिच्यात भिंग, चिमटा, छोटी पक्कड, टॉर्च आणि पोलादी तारेचं वेटोळं. टॉर्च दातात धरला. तुटका तुकडा मांडीवर ठेवून माप घेतलं. तार कापली. एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला वळण. चिमटा दोनदा निसटला. कानाशी श्वास ऐकू येत होता. त्यांचा नव्हे. त्यांनी स्वतःचा तर धरून ठेवला होता.

मग सीटवर वाकून, हात लांब करून, त्यांनी तार जागेवर अडकवली. वाकताना त्यांच्या मनगटाला गार काहीतरी लागलं. बोटांएवढं.

काम झालं. त्यांनी घड्याळ पाहिलं. बारा मिनिटं.

अकरा वर्षं राहिलेलं काम. बारा मिनिटं.

खटका ओढून बघावा, असं कुठल्याही कारागिराला वाटेल. त्यांनी ओढला नाही. टॉर्च विझवला. हात मांडीवर ठेवले. समोर बघत म्हणाले, "झालं बघ. उशीर झाला."

काही नाही.

बराच वेळ काही नाही.

मग सीटखाली खरडल्यासारखा आवाज झाला. कोणी पायाने काहीतरी शोधतंय. सावकाश. मिनिटभर.

आणि टक.

दार उघडलं. थंड हवा आत आली. सीट हलकेच वर उचलली गेली, माणूस उठल्यावर उचलली जाते तशी. दार लोटलं गेलं. पहिल्यांदा नीट लागलं नाही. ते कधीच पहिल्यांदा लागायचं नाही. मग पुन्हा, कमरेने ढकलल्यासारखं... आणि लागलं.

घड्याळवाले बसून राहिले. काचेवरची वाफ विरत गेली. ते रडत होते, पण ते त्यांना उजाडल्यावर कळलं.

"गाडीतून उतरलेच नाहीत?" भाचीने विचारलं.

"नाही. घराची किल्ली गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात. जुडगा रात्रभर गाडीलाच लटकलेला."

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी त्यांनी गॅरेजवाल्याला फोन केला. म्हणाले, "गाडी घेऊन जा. काढून टाक. आता रिकामी आहे." आवाज थकलेला होता, पण दोन वर्षांत पहिल्यांदा नीट होता. गॅरेजवाला धावतच गेला. ते अजून गाडीतच होते. त्यांनी सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच.

गॅरेजवाल्याचा विश्वास बसला नाही. रात्रभर थंडीत बसलेला माणूस, दुःखाने काहीही दिसतं. त्याने डाव्या दाराचा आतला खटका ओढला. दार अलगद उघडलं. ठीक, तार चांगली बसली होती. मग त्याने वाकून सीटखाली पाहिलं.

"नव्हत्या?" जावई म्हणाले.

"नव्हत्या."

"रस्त्यात पडल्या असतील. पत्रा सडलाच होता ना?"

"गॅरेजवालाही तेच म्हणाला, जावईबापू. अगदी याच शब्दांत." मामांनी अंधारात गुडघे चोळले. "घड्याळवाल्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. म्हणून त्याने त्यांना हाताला धरून फाटकातून नेलं. फाटक ते दार एवढीशी हिरवळ. कुलूप त्यांनी स्वतः काढलं. ते रात्रभर बंद होतं, घरात कोणी नव्हतं. दार आत ढकललं..."

भाची नवऱ्याजवळ सरकली. फाटकाबाहेर त्यांची गाडी गार होत होती. तिचं लोखंड मधूनच बारीक वाजत होतं.

"मामा?"

"दाराच्या आत, डाव्या हाताला, तिची जागा होती. तिथे होत्या. जोडीने. नीट लावलेल्या." त्यांनी एक श्वास घेतला. "गॅरेजवाल्याने वाकून एक उचलली. डावी. अंगठा झिजलेला.

तळवा ओला होता. दवाने. आणि त्याला गवताचं एक पातं चिकटलं होतं. हिरवं. ताजं."