पलंगाजवळचा चौकोन

धाकटीच्या घरात ते यंत्र आलं ते मुंग्यांमुळे.

आई सहा महिने पलंगावर होती. अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, आणि भरवताना अर्धं बिस्किट तोंडात तर अर्धं जमिनीवर. त्या चुऱ्याला मुंग्या लागायच्या आणि पलंगाच्या पायावरून वर चढायच्या. आईला त्या झटकताही येत नसत. एका संध्याकाळी धाकटीनं आईच्या मानेवरून मुंग्यांची अख्खी रांग पुसून काढली आणि न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

मग परदेशातल्या दादानं जमीन झाडणारं यंत्र पाठवलं. दादाचं असंच असायचं. स्वतःला येणं जमलं नाही की एखादी वस्तू यायची. थाळीएवढं वाटोळं, पाठीवर छोटासा घुमट. धाकटीनं त्याचं नाव कासव ठेवलं.

ते बसवायला आलेला मेकॅनिक मोठा बोलका होता. कासव घराचा नकाशा करत असताना त्यानं धाकटीला आईच्या पलंगावर पाय वर घेऊन बसवलं. कासवाला फक्त जमिनीलगतचं दिसतं, म्हणाला; नकाशात खुर्चीचे चार ठिपके उमटतात आणि उभ्या माणसाचे दोन. मग मोबाइलवर बोटानं चौकोन कसा आखायचा ते त्यानं शिकवलं. आखाल तेवढीच जागा झाडेल, तुम्ही घरात असा की दुकानात. धाकटीनं आईच्या उशाकडच्या बाजूला चटईएवढा चौकोन आखला आणि दुपारी अडीचची वेळ लावली.

ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुपारी जेवायला घरी यायची, आईला औषध द्यायची, सकाळपासून आईपाशी थांबलेल्या कामाच्या मावशींना घरी पाठवायची आणि बाहेरून कुलूप लावून परत जायची. औषधानं आई पाचपर्यंत झोपायची. कुलपाची किल्ली एकच, धाकटीच्या पर्समध्ये.

सोमवारी एका आजोबांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावून तिनं सहज मोबाइल पाहिला. चौकोन झाडून झाला होता. त्याच्या मधोमध दोन ठिपके होते, शेजारी शेजारी. कासवानं त्यांना वळसा घालून झाडलं होतं.

आजोबा तिसऱ्या ओळीवर अडले होते आणि हिची नजर मोबाइलवरून निघेना. घरात दुसरं कोणी नाही. म्हणजे आई उठली. आई उभी राहिली. सुधारेल असं डॉक्टरही म्हणाले होते, पण म्हणताना त्यांनी खाली पाहिलं होतं.

पलंगाला कठडा आहे, मग आई उतरली कशी, हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण आशा लागली की माणूस स्वतःचीच समजूत घालायला शिकतो. पायथ्याशी कठडा संपतो, तिथून सरकत असेल, असं तिनं ठरवून टाकलं. दादाला कळवलं नाही. बोलून दाखवलं तर व्हायचं ते होणार नाही, असं तिला वाटत राहिलं. रात्री भरवताना तिनं आईला आडून विचारलं, दुपारी काय केलंस म्हणून. आई अर्ध्या ओठानं हसली आणि म्हणाली, “तुला माहीत.”

धाकटीला वाटलं, आई लाडात आलीय.

मंगळवारी ठिपके पलंगाच्या थोडे जवळ होते. बुधवारी आणखी जवळ. गुरुवारी दुपारी औषध दिल्यावर धाकटीनं स्वतःच्या हातानं कठडा खाली केला. आईला उतरायला सोपं जावं म्हणून पलंगाच्या पायथ्याशी, चौकोनाबाहेर, चपला ठेवल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि कुलूप लावून गेली.

अडीचला दुकानात गर्दी होती. पावणेतीनला तिनं मोबाइल उघडला. चौकोनात चार ठिपके होते.

खुर्ची नव्हती ती. खुर्चीचे ठिपके चार कोपऱ्यांना दूर दूर पडतात. इथं एक जोडी पलंगाला चिकटून होती आणि दुसरी तिच्यासमोर, वीतभर अंतरावर. पलंगावरून खाली पाय सोडून कोणी बसावं आणि कोणीतरी अगदी पुढ्यात येऊन उभं राहावं, तसे.

गिऱ्हाइकाची फ्रेम तशीच टाकून ती निघाली. स्कूटरवर सगळ्या वाटेत ती एकच गोष्ट घोकत होती, की यंत्र चुकलं असेल, यंत्रच आहे, चुकतं.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत पडदे ओढलेले. खोलीत एरवी औषधाचा वास असायचा. आज तिथं चष्म्याची काच पुसायच्या द्रावणाचा वास होता, जो तिच्या स्वतःच्या हातांना यायचा. आई पलंगाच्या कडेला बसली होती, पाठ ताठ, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. सहा महिन्यांत तिला उशीच्या आधाराशिवाय बसता आलं नव्हतं. समोर कोणी नव्हतं.

धाकटीनं धावत जाऊन तिला सावरलं. आईचे पाय बर्फासारखे गार होते.

“कोणी बसवलं तुला?”

आईनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. “तूच तर...”

“मी दुकानात होते गं.”

“रोज येतेस. उभी राहतेस. बोलत नाहीस.” आईनं दम घेतला. “आज हात दिलास. चल म्हणालीस...”

“कुठे?”

धाकटीनं तिला उचलून आडवी केली, कठडा वर चढवला, अडकल्याचा खटका दोनदा तपासला. घराबाहेर पळावं असं तिला फार वाटलं. पण आईला उचलून दोन जिने उतरणं तिच्या एकटीच्या बळाबाहेरचं होतं, आणि माणूस बोलवायला जायचं तर आईला त्या खोलीत एकटं सोडावं लागणार. तिनं मावशींना फोन लावला. मावशी निघाल्या, अर्धा तास लागेल म्हणाल्या.

मग ती कठड्यावरून पलंगावर चढली, पाय पोटाशी घेतले आणि आईला घट्ट धरून बसली. खोलीत कोणी दिसत नव्हतं आणि तेच सहन होईना. कुठं आहे ते तरी कळावं, म्हणून तिनं मोबाइलवरच्या चौकोनावर टिचकी मारली.

कासव कोपऱ्यातून गुरगुरत निघालं. चौकोनात शिरलं, सरळ आलं आणि मोकळ्या फरशीवर थांबलं. थोडं मागं गेलं, वळलं आणि कशाला तरी वळसा घालून पुढं आलं. मोबाइलवर दोन ठिपके उमटले, कठड्याला लागून, आईच्या उशाशी.

धाकटीनं तिकडं पाहिलं नाही. तिनं आईच्या खांद्यात तोंड लपवलं आणि डोळे मिटले. ती भ्यायली होती, लहानपणी भ्यायची तशी, आणि लहानपणीसारखीच आईलाच बिलगली होती.

आईची मान हळूच कठड्याकडे वळली. आवाजात माया होती.

“आलीस?”

कोणी काही बोललं असेल तर ते धाकटीला ऐकू आलं नाही. आई मात्र कान देऊन ऐकत राहिली. मग तिचं अंग ताठ झालं, आणि डाव्या हाताची बोटं धाकटीच्या मुठीतून एकेक करून सुटू लागली.

“मग...” आई कठड्याकडेच बघत, अगदी हळू म्हणाली, “मला धरून बसलीय ती कोण?”